चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे : मोटारीतल्या डब्यालाही चौकशी हवी



रेल्वेत असो वा पोस्टात, चार्जशीट हातात पडली म्हणजे माणूस दोषी ठरला असे होत नाही. रेल्वेला १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत, पोस्टाला १९६५ चे सीसीएस (सीसीए) नियम आहेत. आरोप काय, तो कोणी केला, पुरावा कोणता, साक्षीदाराची उलटतपासणी झाली की नाही, हे सारे पाहिल्यावाचून मोठी शिक्षा देऊ नये हे त्यांतले तत्त्व आहे. ते आपल्याला कोणी भेट म्हणून दिलेले नाही. चौकशीत कर्मचाऱ्याचा बचाव करताना हे तत्त्व आम्ही वर्षानुवर्षे साहेबांच्या टेबलावर आपटत आलो आहोत.

मात्र हाच आपला कामगार बंधू स्वतःची मोटार घेऊन सर्व्हिस स्टेशनला जातो, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत निकाल ऐकून घेतो. मोटारीला स्कॅनर लावतात, पडद्यावर एक कोड येतो आणि काउंटरवरचा मुलगा सांगतो, "काका, बीसीएम गेला. बदलावा लागेल." किंमत ऐकून बंधूच्या पोटात गोळा येतो. पण "कशावरून गेला?" हा प्रश्न तो विचारत नाही. स्वतःच्या चार्जशीटला सहा पानी उत्तर देणारा माणूस मोटारीच्या चार्जशीटपुढे मुकाट मान डोलावतो.

युनियनच्या अंकात मोटारीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मोटार आता फक्त साहेबाच्या बंगल्यापुढे उभी नसते. वेतन आयोगाच्या थकबाकीतून, निवृत्तीच्या पैशांतून आपल्या अनेक बांधवांनी जुनी का होईना, पण मोटार घेतली आहे. आपली कितीतरी मुले आयटीआय करून गॅरेजात लागली आहेत. पोस्टाच्या मेल मोटर सर्व्हिसमध्ये तर मोटार दुरुस्त करणे हीच आपल्या बांधवांची नोकरी आहे. आणि जे आज मोटारीत घडते आहे, तेच सिग्नलच्या खोलीत, इंजिनात आणि डब्यात घडते आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

हा डबा करतो काय?

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास किंवा पायाजवळच्या पत्र्यामागे असतो. इंजिन चालवणारा कॉम्प्युटर वेगळा. हा डबा गाडीची घरकामे पाहतो. हेडलाईट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, आतला दिवा, सेंट्रल लॉक, पॉवर विंडो ही सारी त्याच्या ताब्यात असतात. पुष्कळ गाड्यांत चावी ओळखण्याचे कामही त्याच्याकडेच असते.

जुन्या गाडीत स्विच दाबला की करंट स्विचमधून, फार तर एखाद्या रिलेमार्फत, थेट बल्बकडे जात असे. बल्ब लागला नाही तर बल्ब, फ्यूज, स्विच आणि वायर एवढेच पाहायचे. नव्या गाडीत स्विच करंट वाहत नाही. तो डब्याला फक्त निरोप देतो की मालकाला वायपर हवा आहे. डबा तो निरोप वाचतो, ठरवतो आणि मग वायपरला करंट सोडतो. शिवाय हे सारे डबे दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे आणली. आपल्या कंट्रोल फोनसारखीच ही व्यवस्था आहे. एकाच लाईनवर सेक्शनमधील सगळी स्टेशने. बोलतो एक आणि ऐकतात सगळे. आणि एका स्टेशनात लाईन शॉर्ट झाली की सगळा सेक्शन मुका होतो. त्या वेळी कंट्रोलरचा फोन बदलून काही उपयोग होत नाही, हे स्टेशन मास्तर बांधवांना सांगायला नको.

कोड ही तक्रार आहे

स्कॅनरवरचा कोड हा रोगाचे नाव आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. कोड म्हणजे एका डब्याने लिहून ठेवलेली तक्रार. तक्रार कोणी केली आणि कोणाविरुद्ध, हे आधी वाचले पाहिजे. कोडचे पहिले अक्षर 'पी' असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, 'बी' असेल तर बॉडी, 'सी' असेल तर ब्रेक-चासीस आणि 'यू' असेल तर डब्यांमधील संभाषण. यू ०१४० हा कोड घ्या. त्याचा अर्थ "बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला" एवढाच. तो लिहिणारा दुसराच डबा असतो. तो म्हणतो, "मी हाक मारली, पलीकडून उत्तर आले नाही." उत्तर न देणारा मेला आहे, की त्याला करंट मिळत नाही, की मधली वायर तुटली आहे, यातले काहीही कोडमध्ये लिहिलेले नसते. पोस्टमनने पत्र परत आणले म्हणजे पत्तेदार वारला असे कोणी धरते काय? दार बंद असेल, पत्ता बदलला असेल, घर नंबर पुसला असेल.

रेल्वेतील बांधवांनी एलएचबी डब्यावरची डब्ल्यूएसपी यंत्रणा आठवावी. कोड आला की स्पीड सेन्सरची केबल, कपलर आणि गॅप पाहिल्यावाचून आपला फिटर कॉम्प्युटरला हात लावत नाही. हीच शिस्त मोटारीला लावायची आहे.

चौकशी कशी व्हावी

आम्ही इंजिनियर नाही. मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो, आणि जे शिकलो ते शेडमध्ये शिकलो. पण चौकशीचा क्रम सोपा आहे. तो आमच्या इलेक्ट्रिकल बांधवांनी आणि गॅरेजातल्या मुलांनी वेळोवेळी समजावून दिला आहे. तो येथे देतो. मोटारवाल्या प्रत्येक बंधूने तो डोक्यात ठेवावा.

पहिली साक्ष बॅटरीची. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दिसावा. काही नव्या गाड्यांत तो मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, हे लक्षात घ्यावे. बॅटरी अशक्त असेल तर गाडीतले चार-पाच डबे एकाच वेळी खोट्यानाट्या तक्रारी लिहितात. अशा वेळी कोडची यादी कितीही लांब असली, तरी पहिला इलाज बॅटरी आणि तिची टोके हाच.

दुसरी साक्ष फ्यूजची. नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही. फ्यूजच्या दोन्ही टोकांना करंट आहे की नाही हे टेस्ट लॅम्पने पाहावे. बीसीएमला एकाहून अधिक फ्यूजमधून पुरवठा होतो. त्यांतला एक गेला तर डबा अर्धवट काम करतो आणि संशय मात्र सगळा त्याच्यावर येतो.

तिसरी आणि सर्वांत मोलाची साक्ष अर्थची. येथेच बहुतेक चौकश्या फसतात. मल्टीमीटरने ओहम मोजून "अर्थ बरोबर आहे" असे सांगणे पुरेसे नाही. वायरीचे वीस धागे तुटून एकच उरला असेल, तरी ओहममीटर शून्याजवळ दाखवतो. पण त्या एका धाग्यातून दिव्यांचा करंट जाऊ शकत नाही. म्हणून भार देऊन मोजायचे. डब्याकडून चालणारे दिवे चालू ठेवायचे, मीटर डीसी व्होल्टवर लावायचा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी डब्याच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरीवर धरायची. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर अर्थ खराब. अशा वेळी डबा बदलला, तर नवा डबाही त्याच खराब अर्थवर बसणार आणि तसाच वागणार.

चौथी साक्ष कॅनच्या दोन वायरींची. स्कॅनर लावण्याच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिना बहुतेक गाड्यांत या वायरींच्या असतात. बॅटरी काढून या दोन पिनांमध्ये रोध मोजला तर साधारण ६० ओहम यावा, कारण लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रोधक जोडलेले असतात. १२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत मध्ये दुसरा डबा बसवलेला असतो. तेथे आतली लाईन या सॉकेटवर दिसत नाही, ती वेगळी मोजावी लागते.

पाचवी साक्ष स्विचची. स्कॅनरवर 'लाईव्ह डेटा' पाहत स्विच दाबावा. पडद्यावर 'ऑफ'चे 'ऑन' झाले तर निरोप डब्यापर्यंत पोचला. पोचला नाही तर दोष स्विचचा किंवा वायरीचा आहे. डबा त्यात निरपराध आहे.

सहावी साक्ष कामाची. स्कॅनरवरूनच डब्याला हुकूम सोडता येतो की हॉर्न वाजव, वायपर चालव. हॉर्न वाजला तर डबा, रिले आणि वायर तिन्ही शाबूत. वाजला नाही तर डब्यातून करंट बाहेर पडतो का ते टेस्ट लॅम्पने पाहावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ डबे शॉर्ट ओळखून आपण होऊन पुरवठा बंद करतात. मालकाने बाजारातून जास्त करंट खाणारा दिवा लावला असेल किंवा मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी गेले असेल, तर डबा स्वतःला आणि वायरीला वाचवण्यासाठी काम थांबवतो. धोका ओळखून ज्याने गाडी थांबवली त्यालाच चार्जशीट देण्याचा हा प्रकार आहे. असे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत!

या सहा साक्षी डब्याच्या बाजूने गेल्या, करंट चांगला, अर्थ चांगला, लाईन चांगली, निरोप पोचतो, आणि तरीही डबा काम करत नाही, तरच डबा दोषी. डबे बिघडत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. आत पाणी जाते, टाके तडकतात, बोर्डावरचा रिले चिकटतो, उलटी बॅटरी जोडली की भाग जळतात. दोषी असेल त्याला जरूर काढा. पण चौकशी करून काढा.

हे वाचून कोणी उत्साहाने स्वतः वायरी उकलू नयेत. इग्निशन चालू असताना डब्याचा कपलर ओढू नये. एअरबॅगच्या वायरींना, त्या बहुधा पिवळ्या असतात, हात लावू नये. विजेच्या गाडीतल्या नारिंगी केबलींपासून दूर राहावे, तेथे जिवाला धोका आहे. आम्ही हे सांगतो ते योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून.

एक प्रकरण

पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बांधवाने जुनी मोटार घेतली. पावसाळ्यात ती चमत्कारिक वागू लागली. इंडिकेटर दिला की वायपर एकदा फिरायचा. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे. उभ्या गाडीचे लॉक आपोआप लागायचे. सर्व्हिस स्टेशनने स्कॅनर लावला आणि बीसीएम बदलण्याचे ४२ हजारांचे एस्टिमेट हातात ठेवले. निवृत्त पोस्टमनची त्यात दीड महिन्याची पेन्शन जाणार होती.

आमच्या सांगण्यावरून गाडी एका लहान गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआय केलेला. त्याने दोन तास घेतले. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक. दिवे चालू ठेवून अर्थ मोजला तर १.८ व्होल्ट! वायर धरत धरत तो डाव्या पायाजवळच्या गालिच्याखाली गेला. खाली चिखल. काचेखालच्या जाळीतले पाणी जाण्याचे भोक पानांनी बुजले होते आणि पाणी आत उतरत होते. अर्थच्या बोल्टवर हिरवट थर चढला होता. त्याने बोल्ट काढून घासला, नवा थिंबल लावला, भोक साफ केले. मीटरवर आकडा ०.०५ आला. वायपर शहाण्यासारखा वागू लागला. मजुरी बाराशे रुपये.

अर्थ खराब असला की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. एका दिव्याचा करंट दुसऱ्याच वायरीतून उलटा जातो आणि डब्याला खोटे निरोप मिळतात. डबा वेडा झाला नव्हता. त्याला वेडेवाकडे सांगितले जात होते, आणि ऐकले तसे तो करत होता.

शोधण्याचीही मजुरी असते

आता या प्रकरणातला दुसरा भाग ऐका. तोच आमचा बंधू बाहेर येऊन म्हणाला, "एक बोल्ट घासायचे बाराशे?"

बंधूंनो, येथे आपणच आपल्याला पारखून घेतले पाहिजे. ४२ हजारांच्या डब्याला आपण मान डोलावतो आणि दोन तासांच्या डोक्याच्या कामाला बाराशे जास्त म्हणतो! बोल्ट घासायला दहा मिनिटे लागली, हे खरे. पण कोणता बोल्ट घासायचा हे शोधायला एक तास पन्नास मिनिटे लागली, आणि ते शोधता यावे म्हणून त्या मुलाची दोन वर्षे आयटीआयमध्ये आणि पुढची कित्येक वर्षे गाड्यांखाली गेली. ट्रॅक सर्किट फेल झाले की आपला सिग्नल मेंटेनर रात्री दोन वाजता लाईनवर चालत जातो आणि सुटलेली बाँडची वायर लावून येतो. वायरीची किंमत किती? पण गाड्या चालू होतात त्या वायरीच्या किमतीवर नव्हे, त्याच्या ज्ञानावर. आपण प्रशासनाला हेच सांगत आलो. मग गॅरेजातल्या कामगाराला वेगळा न्याय कशाला?

सर्व्हिस स्टेशनातला मेकॅनिकही आपला शत्रू नाही. तोही पुष्कळ ठिकाणी कंत्राटावर असतो. त्याच्या डोक्यावर जॉब कार्डचा वेळ असतो. काउंटरवाल्याला महिन्याचे टार्गेट असते. शोधण्याच्या दोन तासांचे बिल कोणी देत नाही, डबा विकला की बिलही होते आणि टार्गेटही. अशा व्यवस्थेत साधा माणूससुद्धा डबाच बदलणार. दोष व्यवस्थेचा आहे. ती श्रमाची किंमत काढून घेते आणि वस्तूला चिकटवते.

माहितीला कुलूप

यापेक्षा मोठा प्रश्न पुढे आहे. शोधायची तयारी असलेल्या मुलाला शोधू दिले जात नाही. धुरासंबंधीचे कोड सर्व कंपन्यांनी एकसारखे ठेवावेत असा नियम अमेरिकेत १९९६ पासून आहे, आपल्याकडे ओबीडी-२ बीएस-४ च्या नियमांखाली एप्रिल २०१३ पासून आले. पण हा नियम धुराचा आहे. दिवे, लॉक, वायपर यांचे पुष्कळसे कोड प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात. स्वस्त स्कॅनर तेथे आंधळा होतो. वायरिंगचा नकाशा कंपनीकडे असतो. डबा खरोखर बदलावा लागला, तरी त्याला गाडीची ओळख करून द्यावी लागते, चाव्या शिकवाव्या लागतात. ते सॉफ्टवेअर आणि पासवर्ड पुन्हा कंपनीच्याच हातात. भंगारातला चांगला डबा आणून बसवला तर गाडी त्याला ओळखतच नाही.

चोरी रोखण्यासाठी काही बंधने लागतात, हे आम्हाला मान्य आहे. पण वायरीचा रंग आणि पिनचा नंबर लपवून कोणती चोरी थांबते?

हे आमचेच म्हणणे आहे असे नाही. भारताच्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हे कारण होते. कंपन्यांनी ही साधने खुली करावीत असेही आयोगाने सांगितले. कंपन्या अर्थातच कोर्टकचेरीत गेल्या. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मतपेटीतून मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारी आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झाले. चांगले झाले. पण समिती आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. समित्यांचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे?

डब्यामागची वायर

ज्यांना हे सारे मोटारीपुरते वाटते, त्यांनी २ जून २०२३ ची संध्याकाळ आठवावी. ओडिशात बालेश्वरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस मेन लाईनचा हिरवा सिग्नल घेऊन लूपवर उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसे गेली. पहिल्या दिवसांत घातपातापासून इंटरलॉकिंगच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले ते वेगळेच. स्टेशनच्या नॉर्थ सिग्नल गुमटीत पूर्वी सर्किटमध्ये केलेल्या बदलात आणि लेव्हल क्रॉसिंग ९४ च्या बॅरियरचे काम करताना चुका झाल्या होत्या. वायरींवरची नावे चुकीची होती आणि ती तशीच राहिली होती. लोको पायलट हिरव्या सिग्नलवर गेला होता. त्याचा दोष नव्हता.

मोटारीतला वायपर आणि माणसांचे जीव यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण धडा एकच आहे. यंत्र कितीही हुशार असो, त्याला खरे सांगणारी वायर, ती वायर जोडणारा हात आणि जोडल्यावर तपासून पाहणारा दुसरा हात असल्याशिवाय ते आंधळे आहे. आणि नेमके हेच हात कमी केले जात आहेत. मेंटेनरच्या जागा रिकाम्या, हेल्पर कंत्राटी, ट्रेनिंग कागदावर. प्रशासन नवा डबा आणते तेव्हा फीत कापते. वायरीची तपासणी करणाऱ्यासाठी फीत कापताना आम्ही कोणाला पाहिले नाही.

मेल मोटर सर्व्हिसच्या कार्यशाळांतही हेच संकट येणार आहे. तेथे आपले स्किल्ड आर्टिझन बांधव आहेत, मेकॅनिक आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. नव्या गाड्या येतील तेव्हा त्यांच्या हातात स्कॅनर, नकाशे आणि प्रशिक्षण दिले नाही, तर उद्या साहेब म्हणतील, "तुम्हाला ही गाडी दुरुस्त करता येत नाही, काम बाहेर देतो." आधी हत्यार द्यायचे नाही आणि मग लढता येत नाही म्हणून काढून टाकायचे, ही चाल आपण ओळखली पाहिजे.

आमच्या मागण्या

म्हणून आमचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

एक, कोणताही इलेक्ट्रॉनिक डबा बदलण्यापूर्वी कोणती तपासणी केली आणि मीटरवर कोणता आकडा आला, हे गॅरेजने ग्राहकाला लेखी द्यावे. बदललेला जुना डबा ग्राहकाला दाखवावा आणि मागितल्यास परत द्यावा.

दोन, शोधण्याच्या कामाची मजुरी वेगळी लिहावी आणि आपण ती कुरकुर न करता द्यावी.

तीन, वायरिंगचे नकाशे, कोडचे अर्थ आणि तपासणीची साधने वाजवी किमतीत प्रत्येक गॅरेजला आणि प्रत्येक आयटीआयला मिळावीत असा कायदा व्हावा.

चार, पोस्टाच्या मोटार कार्यशाळांत आणि रेल्वेच्या शेडमध्ये नवे यंत्र खरेदी करताना त्याचा नकाशा, साधन आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे करारातच लिहून घ्यावे. १९९० च्या दशकात थ्री-फेज इंजिने परदेशातून आली तेव्हा तंत्रज्ञानही देण्याचा करार झाला होता, म्हणूनच पुढे चित्तरंजनला ती आपल्या कामगारांनी बांधली. जे तेव्हा करता आले ते आता का करू नये?

पाच, रिकाम्या जागा भराव्यात. तपासणी माणूस करतो, पडदा नव्हे.

यातल्या तीन मागण्या सरकारकडे आणि प्रशासनाकडे आहेत, त्यासाठी संघटनेची ताकद लागेल. पण पहिल्या दोन उद्यापासून आपल्या हातात आहेत. पुढच्या वेळी काउंटरवरचा मुलगा म्हणेल, "काका, बीसीएम गेला," तेव्हा आवाज न चढवता एवढेच विचारा, "अर्थ भार देऊन मोजली का? किती व्होल्ट आले? तेवढे कार्डावर लिहून दे, बाळा." त्याने लिहून दिले तर त्याच्या मेहनतीचे पैसे मोजून द्या. नाही दिले तर गाडी दुसरीकडे न्या.

चौकशीविना शिक्षा आपण स्वतःला होऊ देत नाही. ती आपल्या खिशालाही होऊ देऊ नका, आणि शोधणाऱ्या हाताची मजुरी बुडवूही नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!